लांबच्या धर्मग्रामाला दरमहा हात: कोल्हापुरातून सुरुवात कशी करावी

चर्चला घंटा द्यायला माणसं रांगेत उभी असतात, लाइट बिल भरायला कोणी पुढं येत नाही. पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चभोवतीच्या धर्मग्रामाच्या, फायनान्स कमिटीवर काम केलेल्या कुणालाही विचारून बघा. घंटेवर आजोबांचं नाव कोरता येतं, महावितरणच्या पावतीवर कोरता येत नाही, म्हणून असेल. पण डोंगरापलीकडचं एखादं लहान धर्मग्राम अडतं ते घंटेवाचून नव्हे. फादरांच्या गाडीत पेट्रोल नसतं, कॅटेकिस्टचं (गावात धर्मशिक्षण देणाऱ्या माणसाचं) मानधन तीन महिने थकलेलं असतं, आणि पावसाळा तोंडावर आला तरी पत्रे बदललेले नसतात.

शहरातल्या बऱ्यापैकी चाललेल्या धर्मग्रामातून अशा ठिकाणी नियमित मदत कशी पोचवायची, ते या लेखात टप्प्याटप्प्यानं मांडतो. माझा हट्ट एकच आहे. वर्षातून एकदा मोठी रक्कम देण्यापेक्षा दर महिन्याला ठरलेल्या तारखेला लहान रक्कम द्या, आणि तीही चालू खर्चाला द्या.

आधी आपण कुठं आहोत ते बघा

कोल्हापुरात ख्रिस्ती म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर वायल्डर मेमोरियल चर्च येतं. ते साहजिकच आहे, कारण रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली इथं आले आणि त्यांच्यामागून शाळा, दवाखाने, मंडळ्या उभ्या राहिल्या. ती प्रॉटेस्टंट परंपरा आहे, तिची व्यवस्था वेगळी. कॅथलिक त्या मानानं थोडे. आपला जिल्हा आधी पुणे धर्मप्रांतात, म्हणजे पुण्याच्या बिशपांच्या कारभाराखाली, होता. २००५ साली कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून सिंधुदुर्ग धर्मप्रांत झाला. कॅथेड्रल (बिशपांचं मुख्य चर्च) सावंतवाडीत, म्हणजे आपल्याला आंबोली घाट उतरून जायचं.

एवढ्यासाठी सांगितलं की 'गरीब मिशन' म्हटल्यावर आफ्रिकेचा नकाशा डोळ्यांसमोर आणायची गरज नाही. आपला धर्मप्रांतच तरुण आणि लहान आहे. घाटमाथ्यावर विखुरलेली दहा-वीस घरं, महिन्यातून एखाद-दोनदा मिस्सा (चर्चची मुख्य उपासना), तीही कुणाच्या तरी सोप्यात. अशा वस्तीत जाऊन आलात की बाकीचं फार समजावून सांगावं लागत नाही.

"आपलंच भागत नाही, आपण काय देणार?" हा प्रश्न पहिल्याच बैठकीत येतो. त्याला उत्तर संत पौलानं देऊन ठेवलंय. यरुशलेमच्या गरीब मंडळीसाठी त्यानं वर्गणी गोळा केली, तेव्हा मासेदोनियातल्या मंडळ्या स्वतः ओढगस्तीत होत्या, तरी त्यांनी आपण होऊन दिलं. करिंथकरांना त्यानं सांगितलेली पद्धतही साधी आहे. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपल्या कमाईप्रमाणे बाजूला काढून ठेवावं, म्हणजे मी आल्यावर धावाधाव नको. पहिल्या शतकातली ही सूचना आजही फायनान्स कमिटीच्या भिंतीवर लावण्यासारखी आहे.

पहिला टप्पा: पेटीत पडलेला पैसा कुठं जातो ते समजून घ्या

हे न समजल्यामुळं निम्मे गैरसमज होतात. रविवारच्या मिस्सातलं साधं अर्पण धर्मग्रामाच्या खर्चाला जातं: वीज, मेणबत्त्या, सफाई, दुरुस्ती, पगार. बिशप ठराविक नियमानं प्रत्येक धर्मग्रामाकडून धर्मप्रांताच्या गरजेसाठी वाटा घेऊ शकतात. तशी तरतूद १९८३ च्या धर्मविधीत, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायदेसंहितेत, कलम १२६३ मध्ये आहे. लहान ठिकाणांना आधार देण्याचा पहिला रस्ता हाच. म्हणजे तुम्ही वेगळं काही केलं नाहीत तरी तुमच्या दहा रुपयांतले काही पैसे घाट ओलांडून जात असतात.

दुसरा प्रकार विशेष वर्गणीचा. ऑक्टोबरमधला शेवटून दुसरा रविवार हा मिशन रविवार, १९२६ पासून पाळला जातो. त्या दिवशीचं अर्पण पॅरिशनं ठेवायचं नसतं, ते परमगुरूंच्या (पोपच्या) मिशन संस्थांमार्फत जगभरच्या नव्या आणि गरीब धर्मप्रांतांना जातं. शुभ शुक्रवारची (गुड फ्रायडेची) वर्गणी पवित्र भूमीसाठी असते. उपवासकाळात कारितास इंडियाची भूक आणि रोगांविरुद्धची मोहीम चालते. या पैशांत आपल्या स्थानिक योजनेचे पैसे मिसळू नका, अगदी "नंतर फिरवून घेऊ" म्हणूनसुद्धा नको.

तिसरा रस्ता बऱ्याच जणांना माहीत नसतो, तो मिस्सा-अर्पणाचा. मृतांसाठी, वाढदिवसासाठी आपण मिस्सा सांगतो आणि अर्पण देतो. नोव्हेंबरात शहरातल्या चर्चमध्ये मिस्सा सांगणाऱ्यांची यादी इतकी लांबते की तारखा पुरत नाहीत. धर्मगुरूंना वर्षभरात स्वतः पुऱ्या करता येतील त्याहून जास्त मिस्सा घ्यायची मुभा नाही (कलम ९५३). उरलेल्या दुसऱ्या धर्मगुरूंकडे सोपवता येतात, अर्पणाच्या पूर्ण रकमेसह. खेड्यातल्या ज्या फादरांकडे मिस्सा सांगणारंच कोणी नसतं, त्यांच्या रोजच्या भाकरीला याचा मोठा हातभार लागतो. म्हणून मिस्सा सांगताना ऑफिसात एवढंच म्हणा: "फादर, ही मिस्सा खेड्यातल्या फादरांनी केली तरी चालेल." बाकी ते बघतात.

किती द्यावं हा प्रश्न उरतोच. कॅथलिक चर्चनं दशांशाची सक्ती केलेली नाही. चर्चच्या गरजा भागवायला हातभार लावणं हे श्रद्धावंतांचं कर्तव्य आहे, एवढं कलम २२२ सांगतं. आकडा ज्याचा त्यानं ठरवायचा.

दुसरा टप्पा: गरज त्यांना सांगू द्या

इथं शहरातली माणसं हमखास चुकतात. आपणच ठरवतो की त्यांना कॉम्प्युटर हवा, आणि गावात दिवसातले सहा तास लाइट नसते. आधी तुमच्या प्रमुख धर्मगुरूंना विश्वासात घ्या. त्यांच्यामार्फत बिशपांच्या कार्यालयाला विचारा की कुठल्या धर्मग्रामाला किंवा केंद्राला जोडून घेता येईल. ओळखीच्या फादरांना परस्पर पैसे पाठवायचा मोह होतो, कारण तो रस्ता सोपा आहे. पण मग ज्या फादरांची ओळख जास्त त्यांचं बरं चालतं, आणि खरी अडचण असलेला, कमी बोलणारा माणूस मागं राहतो. शिवाय बदली झाली की ओळखही गेली आणि मदतही.

जोडीचं ठिकाण ठरलं की तिथल्या पॅरिश कौन्सिलकडून एक कागद मागवा, एकाच पानाचा. दरमहा खर्च किती, दरमहा जमा किती, तूट किती, आणि वर्षभरात येऊ घातलेला मोठा खर्च कोणता. पान मराठीत हातानं लिहिलेलं असलं तरी चालेल. फक्त त्यावर तिथल्या दोन सामान्य माणसांच्याही सह्या असाव्यात, नुसत्या फादरांची नको.

हा कागद आला की बहुतेक वेळा चार गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे कॅटेकिस्टचं मानधन. फादर पंधरा दिवसांनी येतात, मधल्या काळात मुलांना शिकवणारा, आजाऱ्यापाशी बसणारा, मातीला जाणारा हाच माणूस. चर्चच्या कामाला वाहून घेतलेल्या प्रापंचिक माणसाला पोटापुरतं मिळायला हवं असं कलम २३१ सांगतं, आणि तरी सगळ्यात आधी कात्री त्याच्याच मानधनाला लागते. माझं स्पष्ट मत आहे की एकच गोष्ट करायची ऐपत असेल तर त्याच्या मानधनाचा भार उचला.

दुसरी गोष्ट प्रवास. घाटातल्या चार केंद्रांना जाणाऱ्या मोटरसायकलचं पेट्रोल आणि टायर.

तिसरी, मुलांचं शिक्षण. महाराष्ट्रातल्या खेड्यांतले पुष्कळ कॅथलिक दलित समाजातले आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती दलितांना अजून नाही. आपल्या राज्यात ते इतर मागासवर्गात मोडतात. त्यामुळं शेजारच्या घरातल्या मुलाला मिळणारी शिष्यवृत्ती या घरातल्या मुलीला मिळत नाही. बारावीनंतर कोल्हापुरात शिकायला आलेल्या अशा मुलीची खोली आणि मेस हा प्रश्न बघायला किरकोळ वाटतो, पण शिक्षण तिथंच सुटतं.

चौथी गोष्ट छप्पर. इथं वेळ महत्त्वाची. आजरा, चंदगड, गगनबावड्याचा पाऊस काय असतो ते सांगायला नको. छपराचे पैसे एप्रिलच्या आत पोचले पाहिजेत. मे महिन्यात सगळ्या गावाला एकदम सुतार आणि पत्रे हवे असतात, आणि वळीव सुरू झाला की काम तसंच राहतं. जूनमध्ये पाठवलेला धनादेश पुढच्या वर्षीच कामाला येतो.

तिसरा टप्पा: दहा-दहाचे गट

पैसे कसे जमवायचे याचा सगळ्यात चांगला नमुना फ्रान्समधल्या लिऑन शहरातल्या पोलीन जारिको या मुलीनं घालून दिला. घर रेशमाच्या व्यापाऱ्याचं. तिनं गिरणी-मागावरच्या मजुरांत गट पाडले. दहा जणांचा एक गट, प्रत्येकानं आठवड्याला एक सू, म्हणजे तिथला अगदी हलका तांब्याचा पैसा, द्यायचा आणि मिशनसाठी प्रार्थना करायची. दहा गटांवर एक प्रमुख, त्यावर आणखी एक. १८२२ मध्ये यातूनच श्रद्धाप्रसार संस्था उभी राहिली, आणि तिला शंभर वर्षांनी, १९२२ साली, परमगुरूंची संस्था म्हणून मान्यता मिळाली. २०२२ च्या मे महिन्यात जारिको यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आलं. मोठे देणगीदार शोधत बसण्यापेक्षा गरिबांचीच साखळी करायची, ही तिची युक्ती.

कोल्हापुरात हे शिकवावं लागत नाही, गल्लोगल्ली भिशी चालते. नेम तोच ठेवायचा, फक्त इथं नंबर लागत नाही. समजा दहा जणांचा गट आणि माणशी महिना शंभर रुपये, तर हजार झाले. असे चार गट जमले तर दरमहा चार हजार, म्हणजे वर्षाला ४८,०००. लहान केंद्राच्या कॅटेकिस्टच्या मानधनाला यानं भक्कम टेकू मिळतो.

गट चालवायला उत्साही माणूस घेऊ नका, चिकाटीचा माणूस घ्या. उत्साही माणूस तिसऱ्या महिन्यात दुसऱ्या कामाला लागतो. निवृत्त शिक्षिका, पोस्टातले काका, दुकानाची वही लिहिणारी बाई, ही माणसं यासाठी जन्माला आलेली असतात. एखाद्याचा हप्ता चुकला तर त्याचं नाव वेदीवरून किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाहीर करू नका. घरात आजारपण असतं, नोकरी गेलेली असते, आणि आज देणाऱ्याच्या घरी उद्या संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद पिशवी घेऊन जातात. ती सोसायटी १८३३ साली पॅरिसमध्ये ओझानाम आणि त्यांच्या कॉलेजमधल्या मित्रांनी सुरू केली. भारतात ती १८६३ पासून आहे. तुमच्या पॅरिशमध्ये तिची शाखा असेल तर नवीन कमिटी काढण्यापेक्षा तिच्याशीच बोला. घरोघर जाऊन, गाजावाजा न करता मदत करायची सवय त्यांना आहे, आणि एका शाखेनं दुसऱ्या गरीब शाखेला जोडून घ्यायची पद्धतही त्यांच्याकडं जुनी आहे.

चौथा टप्पा: मोजणी आणि वही

दुसऱ्या मिस्सानंतर सॅक्रिस्टीत (वेदीशेजारच्या खोलीत) पेट्या उघडल्या की टेबलावर काय पडतं? चार घड्या घातलेल्या दहाच्या नोटा, त्यातली एखादी उलगडतानाच कडेला फाटते आणि चिकटपट्टीसाठी बाजूला ठेवली जाते. पोरांनी टाकलेली एक-दोन रुपयांची नाणी. मधेच पाचशेची एक नोट, तिच्यावर सगळ्यांची नजर जाते आणि कोणी काही बोलत नाही. ही मोजणी एकट्यानं कधीच करायची नाही. दोघं जण हवेत, ते एकाच घरातले नकोत. छापील तक्त्यावर ५००, २००, १००, ५०, २०, १० च्या नोटा किती आणि नाणी किती ते लिहायचं, दोघांनी सह्या करायच्या, आकडा त्याच दिवशी फादरांना दाखवायचा आणि रक्कम सोमवारी बँकेत भरायची. मोजणारी माणसं दर दोन-तीन महिन्यांनी बदलायची. यात कुणावर संशय नाही. पौलानंसुद्धा यरुशलेमची रक्कम एकट्यानं नेली नाही. एवढ्या मोठ्या देणगीच्या कारभारात कुणी बोट ठेवू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतली, आणि तसं लिहूनही ठेवलं.

जोडीच्या धर्मग्रामासाठीचा पैसा वेगळ्या पाकिटात घ्या आणि पाकिटावर उद्देश लिहा. ज्या कामासाठी दिलं त्याच कामाला ते वापरायचं, असं कलम १२६७ बजावतं. छपरासाठी आलेले पैसे नाताळच्या मांडवाला वापरता येत नाहीत, मांडववाला कितीही मागं लागला तरी. दारात क्यूआर लावणार असाल तर तो पॅरिशच्या खात्याचाच हवा. कमिटीवरच्या कुणाच्या तरी मोबाइल नंबरवर पैसे घेऊ नका, तो माणूस कितीही सज्जन असो.

पाचवा टप्पा: कायद्याच्या चार गोष्टी

चर्चची मालमत्ता आणि पैसा साधारणपणे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या विश्वस्त संस्थेमार्फत चालतो. धर्मादाय आयुक्तांकडं हिशेब जातो, ऑडिट होतं. म्हणून दहा मित्रांनी मिळून चर्चच्या नावानं परस्पर बँक खातं उघडू नये. रक्कम पॅरिशच्या खात्यातून धर्मप्रांतामार्फत जाऊ द्या आणि सोबत कोणत्या ठिकाणासाठी, कशासाठी याचं पत्र जोडा. दोन दिवस जास्त लागतील, लागू द्या.

करसवलतीचं लोक विचारतात. ८०जी म्हणून ओळखली जाणारी वजावट एकाच धर्माच्या समाजासाठी चालणाऱ्या संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळत नाही. धर्मप्रांताच्या सामाजिक कामाची वेगळी नोंदणीकृत संस्था असेल आणि तिला ती मान्यता असेल, तर शिक्षण-आरोग्याच्या देणगीवर मिळू शकते. रोख २,००० रुपयांच्या वर दिलेत तर तीही नाही. आणि नवी करपद्धत घेतली असेल तर हा विषयच संपला.

सगळ्यात नाजूक बाब परदेशातल्या नातेवाइकांची. दुबई-कुवेतला असलेला भाऊ भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. त्याच्या पासपोर्टची प्रत तेवढी फाइलला ठेवा. पण आपल्याकडं गोव्याच्या नात्यागोत्यात पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला गेलेले पुष्कळ आहेत. त्यांच्याकडं ओसीआय (परदेशस्थ भारतीय वंशाचं) कार्ड असलं तरी कायद्याच्या नजरेत ते परदेशी नागरिक. सुट्टीला आल्यावर त्यांनी हातात दिलेले रुपयेही परदेशी योगदानात मोडतात. ते फक्त एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेलाच, आणि तिच्या दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठराविक खात्यातच घेता येतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा एका संस्थेनं दुसऱ्या संस्थेला पुढं देणंही बंद झालंय. म्हणून अशा पाहुण्यांना थेट धर्मप्रांताच्या कार्यालयाचा रस्ता दाखवा, मायेपोटी पेटीत टाकून घेऊ नका. पाच हजारांच्या देणगीपायी संस्थेची नोंदणी अडचणीत आणण्यात शहाणपणा नाही.

वस्तू देताना

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीनं एक गोष्ट बघितली आहे: मदत म्हणून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग. ज्यांच्या घरात पाणी होतं त्यांना गादी, भांडी आणि औषध हवं होतं, आणि ट्रकमधून फाटक्या साड्या उतरत होत्या. धर्मग्रामाच्या बाबतीतही हेच होतं. जुना हार्मोनियम, डुगडुगणारे बाक, वाळवी लागलेलं कपाट. आपल्याकडची अडगळ हलवायला घाटापलीकडचं चर्च नाही. वस्तू द्यायचीच तर आधी फोन करून विचारा, आणि आपल्या वेदीवर चालेल अशीच द्या.

सहावा टप्पा: हिशेब आणि येणं-जाणं

साखर कारखान्याच्या आणि दूध संघाच्या सभांनी आपल्याला "मंजूर, मंजूर" म्हणत उठायची सवय लावली आहे. पॅरिशच्या सभेत ती मोडा. श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब श्रद्धावंतांना द्यायचा, असं धर्मविधीचं कलम १२८७ सांगतं, आणि प्रत्येक पॅरिशला फायनान्स कमिटी हवीच असं कलम ५३७. तिमाहीला एक पान नोटीस बोर्डावर लावा: किती जमलं, किती पाठवलं, कधी पोचलं, कशाला लागलं. समोरच्यांकडून पोच आणि दोन ओळींचं पत्र आलं तरी पुरे. दरमहा अहवाल, फोटो, व्हिडिओ मागू नका. एकाच फादरांकडं चार केंद्रं असताना त्यांना तुमचे फॉर्म भरायला बसवू नका. मदत घेणाऱ्या पोरांना रांगेत उभं करून फोटो तर अजिबात नको.

वर्षातून एकदा तिकडं जा, शक्यतो त्यांच्या फेस्ताला (चर्चच्या वार्षिक सणाला). वीस-पंचवीस जणांची बस नेणार असाल तर डबे आपले न्या, नाहीतर गरीब वस्ती तुमच्या जेवणासाठी उसनवारी करते. आणि त्यांना आपल्याकडं बोलवा. त्यांचे गाणारे आपल्या मिस्साला गाऊ देत, त्यांच्या कॅटेकिस्टला आपल्या मुलांशी बोलू द्या.

देणं दोन्ही बाजूंनी हवं, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या. तिकडच्या घरांत रोख कमी असते, पण दुधाचं बिल दहा दिवसांनी येतं, काजूचा पैसा उन्हाळ्यात येतो, भात सुगीला. कुणी पायलीभर घनसाळ तांदूळ आणला आणि मिस्सानंतर त्याचा लिलाव झाला तर तेही अर्पणच. त्यांच्या कागदावर त्यांची स्वतःची जमा दरवर्षी थोडी का होईना वाढताना दिसली पाहिजे. तीन वर्षांचा करार करा आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटी एकत्र बसा. तूट कमी झाली असेल तर आपली रक्कम हळूहळू उतरवा, एकदम तोडू नका. कॅटेकिस्टचं घर त्यावर चाललेलं असतं.

मुदत संपली आणि पाकिटातले काही पैसे उरले, तर ते आपल्या पॅरिशच्या खात्यात मुरवू नका. ज्या कामासाठी घेतले ते काम पुरं झालं असेल तर दुसरीकडं वळवण्याआधी देणाऱ्यांना विचारा, आणि बिशपांच्या कार्यालयाची लेखी परवानगी घ्या. त्या पत्राची एक प्रत वहीत चिकटवून ठेवा. पुढची कमिटी येईल तेव्हा पहिला प्रश्न त्याच रकमेवरून निघतो.